कातहिरासाहेबांचं डुबुक

माझ्या ओदेनच्या, म्हणजे काडीला टोचून रश्शात उकळलेल्या मुळा-अंडी-वड्यांच्या, दुकानात तऱ्हेतऱ्हेची वाया गेलेली माणसं बसून गेली. पिऊन रडणारी, न पिताच रडणारी, बायकोशी भांडून इथे जेवणारी आणि घरी जाऊन समेट म्हणून पुन्हा जेवणारी. काळ्या रश्शाच्या त्या कढईपुढे मी आख्खा जन्म उभा आहे, तेव्हा माणूस कितपत शिजलाय हे मला लांबूनही कळतं. पण कातहिरा एइसाकुइतका कच्चा माणूस मी पाहिला नाही. तोंडावर मी त्याला साहेब म्हणतो, गिऱ्हाईक आहे. इथे कशाला म्हणू?

तो पाणीखात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाला. म्हणजे त्याच्या टेबलावर आलेला कागद पुढच्या टेबलावर गेला नाही तरी चालेल, असा हुद्दा. आमच्या गल्लीतला नळ फुटला होता तेव्हा हा स्वतः पाहायला आला. वाकून वाकून पाहिलं आणि ज्याने तो नळ मुळात बसवला त्याने आटे कसे चुकीचे दिले, यावर भर उन्हात व्याख्यान दिलं. पाणी वाहतच होतं. शेवटी मासळीवाल्या फुशिमीने आपल्या दुकानातलं फडकं आणून गुंडाळलं, तर त्याला म्हणाला, "अशानेच कामाचा दर्जा घसरतो."

आमच्या शिझुओका शहरात प्लास्टिकच्या छोट्या गाड्यांचं वेड चहाच्या वासासारखं हवेतच आहे. खोक्यात सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. तळहातावर मावेल अशी मोटार तयार होते आणि मग पोक्त बाप्ये तिच्याकडे तान्ह्या बाळाकडे बघावं तसे बघत बसतात. माझ्या दुकानाच्या माडीवर अशा बाप्यांचं मंडळ भरतं. मला काय, वर चर्चा तापली की खाली माशाच्या काळ्या वड्या जास्त खपतात.

ह्या मंडळात कातहिराचा शब्द शेवटचा. खिशात भिंग घेऊनच यायचा. कुणी हौसेने गाडी मांडली की हा भिंग लावणार, श्वास रोखणार आणि मग हळूच सोडणार. "युझूची साल." बास, एवढंच. युझू म्हणजे आमच्याकडचं लिंबू, त्याच्या सालीवर असतात तसे बारीक खड्डे रंगावर उमटलेत, फवारा लांबून मारला, हात घाईचा आहे, असा त्याचा अर्थ. समोरच्याचं तोंड उतरलं की ह्याला चार घास जास्त जायचे.

फुशिमीला तर तो माणसातच धरत नसे. फुशिमी फवारा वापरत नाही, ब्रशाने रंगवतो. तेही माशांचे खवले काढून आलेल्या हातांनी. एकदा त्याने अग्निशमन दलाची गाडी रंगवून आणली. लाल रंग असा जाड की दारं कुठे आहेत ते विचारावं लागे.

कातहिरा म्हणाला, "फुशिमी, ही गाडी आहे की लाल पावाचा तुकडा?"

"साहेब, गाडी आहे. चाकं फिरतात, बघा." फुशिमीने ती टेबलावरून सोडली. ती थेट माझ्या अंड्यांच्या ताटलीत गेली. आम्ही हसून बेजार. कातहिरा मात्र तोंड आंबट करून बसला.

आता गंमत ऐका. ह्या माणसाने स्वतः रंगवून पुरी केलेली एकही गाडी कुणी पाहिली नव्हती. मुळात नव्हतीच. तो करायचा सगळं. साबणाने धुऊन साच्याचं तेल काढायचा, करडं अस्तर मारायचा, पाण्यात भिजवलेल्या घासकागदाने तासन्‌तास घासायचा, रंगाचा एक हात द्यायचा, दुसरा द्यायचा. मग भिंग लावायचा. आणि मग डुबुक.

मोटारीच्या टाकीत पाणी साचू नये म्हणून घालायचं एक औषध मिळतं. ते बरणीत भरायचं आणि फसलेली गाडी त्यात बुडवायची. रंग सालीसारखा सुटून येतो, प्लास्टिक पुन्हा कोरं. आमच्यात त्याला डुबुकच म्हणतात आणि ते सगळेच कधी ना कधी करतात, त्यात लाज नाही. पण कातहिराचं डुबुक हे रंगकामाचं शेवटचं पाऊलच होऊन बसलं होतं. त्याची बायको तोमिएवहिनी, तिच्या मुळ्याच्या लोणच्याची मोठी बरणी त्याने ह्या कामाला लावली होती. वहिनी लोणचं विकत आणते आणि घरची बरणी गाड्या मुरवते, असा तो संसार.

माझा एक मामा होता, वर डोंगरात, वासाबीच्या वाफ्यांपाशी राहायचा. सकाळभर विळ्याला धार लावायचा. गवत कापायला मामीच जायची. पण मामाने निदान गवत कसं कापावं हे गावाला शिकवलं नाही. धार लावून गुपचूप झोपायचा. कातहिरा झोपतही नव्हता.

घरात वरच्या मजल्यावर सहा चटया मावतील एवढी एक चांगली उजेडाची खोली होती. ती जमिनीपासून छतापर्यंत खोक्यांनी भरलेली. न उघडलेली खोकी, उघडून बंद केलेली खोकी, आणि मधोमध एक टेबल. खोक्यांच्या फटीतून उजेड यायचा तेवढाच.

वसंतात एका दुपारी नवराबायको दोघंही दुकानात आली. हे क्वचितच. फुशिमी आधीच बसला होता. वहिनीने मुळा घेतला, त्यावर माशाची भुकटी भुरभुरवली आणि शांतपणे म्हणाली, "मालक, तुम्ही साक्षीदार. फुशिमीसान, तुम्हीपण."

"कशाला?" फुशिमीच्या तोंडात वडी होती.

"माझी बहीण किनुए. याइझूला एकटी असते, गुडघे गेलेत. तिला मी आमच्याकडे आणायचं म्हणते. ती उजेडाची खोली तिला."

कातहिराची वडीची काडी हातातच राहिली. "आणि माझं सामान?"

"तेच सांगते. मे महिन्यात तुमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे ना? त्यात तुम्ही एक गाडी ठेवा. रंगवलेली, पुरी झालेली, समोर तुमच्या नावाची पाटी. प्रदर्शन बंद होईपर्यंत ती टेबलावर राहिली, की खोली तुमची. मी पुन्हा नाव काढणार नाही, किनुएला खालच्या खोलीत घेईन. नाही राहिली तर खोकी बाहेर."

"अगं, दर्जाचं काम असं तारखेवर होत नसतं."

"अहो, मी दर्जा कुठे मागितला? गाडी मागितली."

फुशिमीला ठसका लागला. मी त्याच्या पाठीत थापट मारली, पण हसू मलाही आवरेना.

कातहिराने एक गाडी निवडली. नवं खोकं उघडेल तर तो कातहिरा कसला? वर्षानुवर्षं डुबुक करून करून ज्या गाडीचा त्याने जीव काढला होता तीच काढली. मागे उतरत्या छपराची, गोल नाकाची जुनी गाडी. फुशिमी म्हणाला, "साहेब, दुसरी घ्या हो. त्या औषधात इतक्यांदा बुडून प्लास्टिक ठिसूळ होतं."

"ते तुमच्यासारख्या हातांत," कातहिरा म्हणाला.

मग सुरू झाला तमाशा. खोलीत धूळ फार, म्हणून रंगकाम न्हाणीघरात. आधी भिंतींवर पाण्याचा फवारा मारायचा म्हणजे धूळ खाली बसते, मग भिंती कोरड्या व्हायची वाट बघायची, कारण हवेत ओल असली तर रंगावर पांढरी झाक चढते. ओल मोजायचं यंत्र साबणदाणीत. वहिनीला घरचं न्हाणीघर बंद. ती बिचारी बादली आणि पंचा घेऊन रोज कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीत. तिथल्या बायका विचारायच्या, "घरचा नळ फुटला का हो?" पाणीखात्याच्या साहेबाच्या बायकोला!

आणि रंगाच्या दिवशी मी गरम पाणी पोचवायला गेलो होतो. रंगाचा डबा गरम पाण्यात धरला की फवारा बारीक येतो, आणि घरात पाणी तापवलं तर वाफ होते, म्हणून ते माझ्याकडून. दार उघडलं आणि माझ्या हातून किटली पडायची राहिली. कातहिरा एइसाकु, एके काळचे मोठे अधिकारी, फक्त चड्डीवर उभे. डोक्यावर वहिनीची न्हाताना घालायची फुलाफुलांची प्लास्टिकची टोपी.

"हे काय साहेब?"

"कपड्यांची तुसं उडतात. श्वास सोडू नका. किटली ठेवा आणि उलटे जा."

मी उलटा चालत बाहेर आलो. बाहेर वहिनी बसली होती. मी म्हणालो, "वहिनी, थंडी लागेल त्यांना." ती म्हणाली, "लागू दे. आज पहिल्यांदा बरणीचं झाकण उघडलेलं नाही." आणि तिचा चेहरा, काय सांगू, लग्नाच्या वयाच्या मुलीसारखा झाला होता.

खाली चांदीचा हात, त्यावर पारदर्शक लालचे पातळ पातळ हात, वर काचेसारखा बिनरंगी हात. वाळल्यावर मऊ फडक्याने घासून घासून चकाकी. खिडकीच्या काळ्या कडा त्याने अशा ओढल्या की पापणीला काजळ घालावं. चाकं बसली, दिवे बसले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी आणि फुशिमी बघायला गेलो.

खोटं कशाला बोलू? मी त्या माणसाला तुच्छ मानतो, पण ती गाडी सुंदर होती. लाल रंग वरून दिसत नव्हता, आतून येत होता. छपरावर खिडकीतलं आभाळ अख्खं उतरलं होतं. फुशिमी म्हणाला, "साहेब, माझे हात पुसून आलोय, तरी लावत नाही." वहिनी दारात उभी होती. कातहिराने खिशातून भिंग काढलं नाही. मला वाटलं, माणूस शिजला वाटतं.

प्रदर्शन आमच्या वस्तीच्या सभागृहात. लांब टेबलांवर पांढरं कापड आणि ओळीने गाड्या. मधोमध लाल गाडी, समोर पाटी : कातहिरा एइसाकु. वहिनी ठेवणीतला राखी पोशाख करून आली होती, केस बांधवून. लोक यायचे आणि त्या गाडीपाशी येऊन थांबायचे. एक म्हातारा टॅक्सीवाला तर टोपी काढून वाकला. "अशीच होती माझी पहिली गाडी," म्हणाला. त्याला कातहिराने काय म्हणावं? "आभारी आहे" म्हणावं. तेवढं म्हटलं की दिवस पार पडला असता.

कातहिराने भिंग काढलं.

"इथे बघा," तो टॅक्सीवाल्याला म्हणाला, "छपराच्या मागच्या कडेला. दिसतोय?"

"काय?"

"केस."

टॅक्सीवाल्याने वाकून पाहिलं. "नाही हो दिसत."

"वरच्या हाताच्या खाली आहे. बारीक. पांढरा."

त्याला नाही दिसला म्हणून कातहिराने दुसऱ्याला बोलावलं. मग तिसऱ्याला. कौतुक करायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात भिंग देऊन हा माणूस आपल्याच गाडीतली खोट दाखवत होता आणि ती न दिसणाऱ्यांवर चिडत होता. "तुम्हाला दिसत नाही? मग तुम्ही बघता तरी काय?" लोक वाकून नमस्कार करून दुसऱ्या टेबलाकडे सटकायला लागले.

फुशिमीने त्याला कोपराने ढोसलं. "साहेब, सोडा की. दुपारी प्रदर्शन संपेल."

"केस आला कुठून, ते मला कळायला हवं. अंगावर कपडा नव्हता. डोकं झाकलं होतं."

वहिनीने भिंग हातात घेतलं, गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. म्हाताऱ्यांच्या वाढतात तशा त्याच्या भुवया लांब वाढल्या आहेत. दीर्घायुष्याचं लक्षण म्हणून तो त्या कापू देत नाही.

"अहो," ती म्हणाली, "भुवईचा आहे. तुमच्याच."

आजूबाजूचे सगळे हसले. ते हसणं चांगल्या मनाचं होतं, मीही हसलो. वहिनी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "राहू दे ना. सहीच झाली ती तुमची."

इतकं चांगलं वाक्य कुणाच्या वाट्याला येतं सांगा! मला बायको असं काही म्हणाली असती तर मी दुकान बंद करून नाचलो असतो. कातहिराचे कान लाल झाले. तो म्हणाला, "हे असं लोकांसमोर राहू शकत नाही." आणि त्याने गाडी उचलली.

"अहो, खोली," वहिनी म्हणाली. हळूच म्हणाली.

"खोलीचा प्रश्न नाही. दर्जाचा आहे."

तो निघाला. आम्ही मागोमाग. फुशिमी वाटभर विनवत होता, "साहेब, संध्याकाळी करा डुबुक, मी स्वतः झाकण उघडून देतो, पण आत्ता नको." तो काही ऐकेना. घरात शिरला तो सरळ बरणीकडे. वहिनी दारातच थांबली, जोडे न काढता. डुबुक झालं. लाल रंग धाग्याधाग्याने सुटून वर आला. पुरता सुटण्याइतकाही धीर त्याला नव्हता. त्याने गाडी बाहेर काढली, दात घासायचा ब्रश घेतला आणि छपराची ती कडा घासायला लागला.

कट्ट आवाज आला. वाळकी काटकी मोडते तसा. छप्पर त्याच्या एका हातात आणि उरलेली गाडी दुसऱ्यात.

कातहिरा दोन्ही तुकडे उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "आजकाल प्लास्टिक चांगलं येत नाही."

वहिनी तशीच वळली आणि सभागृहात परत गेली. तिथे गाडीच्या जागी पांढऱ्या कापडावर नुसती पाटी होती. ती तिने उचलून पिशवीत घातली.

खोकी गेली. वहिनीने दुसऱ्या दिवशीच फुशिमीला माशांची हातगाडी घेऊन बोलावलं आणि मंडळातल्यांना वाटून टाकली. किनुए राहायला आली. उजेडाच्या खोलीत आता तिचं अंथरूण आहे आणि खिडकीत कोथिंबिरीएवढं काहीतरी लावलंय. एकदा वहिनी एकटीच दुकानात आली होती, तेव्हा म्हणाली, "मालक, खरं सांगते, किनुएला खालचीच खोली हवी होती, जिना नको म्हणून. आता माझ्या शब्दाखातर चढते बिचारी. मलाच वाटलं, खोलीच्या भीतीने तरी एकदा त्यांच्या तोंडून 'झालं' असं ऐकायला मिळेल. उगाच मी त्यांची खोली घालवली. फार मनाला लागलंय त्यांच्या. जेवताना बोलत नाहीत." आणि मग ती महिनाभर त्याच्या आवडीचं शिजवत राहिली. रोज ताजा भात, रोज मासा. त्याच्या दुःखाची सेवा म्हणा.

आता त्याचं दुःख ऐका. पुढच्या सभेला हा आला तो पाठ ताठ, गाल भरलेले, भिंग नवीन! फुशिमीच्या गाडीवर भिंग फिरवलं, युझूची साल म्हणून झालं, आणि मग टेकून बसत म्हणाला, "काय करणार, मला जागा राहिली नाही. घरच्या माणसांसाठी सोडावी लागली. नाहीतर ह्या वर्षी मी तुम्हाला काम म्हणजे काय ते दाखवणार होतो." असं म्हणताना त्याच्या तोंडावर जे सुख होतं, ते ती लाल गाडी चकाकत होती तेव्हाही नव्हतं. जन्मभर जे शोधत होता ते त्याला सापडलं होतं. पुन्हा कधीही रंगवावं न लागण्याचं सभ्य कारण!

जिन्यात वहिनी उभी होती, त्याची विसरलेली छत्री घेऊन. तिने सगळं ऐकलं.

फुशिमी भाबडा, त्याला वाटलं मदत करावी. "साहेब, जागेचं काय घेऊन बसलात? माझ्या दुकानामागची खोली रिकामी आहे. टेबल देतो. माझ्या वाट्याला आलेली खोकी पण ठेवलीत तुमची, एकही उघडलं नाही."

कातहिराचा चेहरा असा पडला, की जणू त्याला पुन्हा नोकरीवर बोलावलं. "तिथे नको," तो म्हणाला, "माशाचा वास रंगात उतरतो."

"रंगात वास?" फुशिमी म्हणाला.

"सूक्ष्म असतं ते. तुम्हाला कळणार नाही."

वहिनी वर आली. छत्री त्याच्या मांडीवर ठेवली. "अहो," ती म्हणाली, "महिनाभर मी तुम्हाला जपतेय. वाईट वाटलं असेल म्हणून."

"वाटलंच ना!"

"दिसलं आत्ता." आणि मग अगदी सरळ आवाजात, "उद्यापासून किनुए आणि मी सकाळी समुद्रावर जाणार. तिच्या गुडघ्यांना वाळूत चालायला सांगितलंय. तुमचा भात तुम्ही लावा."

आता हा चिडेल, निदान लाजेल असं मला वाटलं. त्याने घसा खाकरला, आमच्याकडे वळला आणि भात लावण्यात लोक मुळात चूक कुठे करतात ते समजावून सांगायला लागला. तांदूळ किती वेळा धुवावा, पाणी कुठल्या बाजूने सोडावं, झाकण का उघडू नये. चांगला वेळ सांगत होता. वहिनी जिना उतरून गेली तरी त्याचं चालूच.

भात अजून त्याने लावलेला नाही. सकाळी दुकानात येतो, माझ्या कढईपुढे बसतो, आदल्या दिवसाचा मुळा खातो आणि रस्सा जरा जास्तच काळा झालाय म्हणतो.